बॅकअपला नाइस १९ दिलं तरी पट्टीचा स्क्रीन गोठतो. प्रायॉरिटी नेमकी कुठे लागू होते?

काटा_पट्टी (सांगली)

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचा सर्व्हर आहे. उबुंटू २४.०४, कर्नल ६.८, ४ कोअर, ८ जीबी रॅम आणि ७२०० आरपीएमची एकच १ टीबी साटा हार्ड डिस्क. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे. तीन काउंटरवरून हळदीच्या आणि बेदाण्याच्या पट्ट्या (शेतकऱ्याला द्यायचे विक्रीचे हिशोब) होतात. याच मशिनवर आणखी एक प्रोग्राम चालतो. तो सीरियल पोर्टवरून इलेक्ट्रॉनिक काट्याचं वजन वाचतो (९६०० बॉड) आणि लगेच टेबलात टाकतो.

दर दोन तासांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सोडणारा प्रोग्राम) पीजी_डंप हा पोस्टग्रेसचा बॅकअप सुटतो, त्याचं आउटपुट जीझिपने आवळून त्याच डिस्कवर जातं. सौदे ऐन भरात असताना हे सुरू झालं की पट्टी सेव्ह करताना स्क्रीन ५ ते १० सेकंद गोठतो. काट्याचा आकडाही आधीच्याच पोत्याचा दिसत राहतो. क्रॉनच्या ओळीत पीजी_डंपच्या आधी आणि जीझिपच्या आधी नाइस -एन १९ लावून पाहिलं. टॉपमध्ये एनआय या रकान्यात १९ दिसतं, म्हणजे ते लागू झालंय. तरी फरक काहीच नाही.

दोन प्रश्न. सगळ्यात खालची प्रायॉरिटी देऊनही बॅकअप इतरांना का अडवतो? आणि काट्याच्या प्रोग्रामला रिअल-टाइम प्रायॉरिटी, म्हणजे शेड-फिफो, दिली तर निदान वजन तरी वेळेवर येईल का?

अजिंक्यतारा

आधी नाइसचं काम किती ते पाहू. नाइस म्हणजे सीपीयूच्या रांगेतलं वजन, बाकी काही नाही. आकडे उणे २० ते १९. लिनक्समध्ये नाइस ० चं वजन १०२४ धरतात, पुढची प्रत्येक पायरी साधारण १.२५ पटीने खाली. नाइस १ ला ८२०, ५ ला ३३५, १० ला ११० आणि १९ ला फक्त १५. एकाच कोअरवर नाइस ० ची एक आणि नाइस १९ ची एक अशा दोन प्रोसेस सतत पळत असतील तर दुसरीला १०३९ पैकी १५ भाग मिळतात, म्हणजे दीड टक्क्याच्याही आत. नाइस १० असेल तर जेमतेम १० टक्के.

यातला ‘सतत पळत असतील तर’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. कोअर रिकामा असेल तर नाइस १९ वालीलाही तो पूर्ण मिळतो, तिथे कोणी तिला अडवत नाही. तुमच्याकडे ४ कोअर आहेत आणि जीझिप एकच कोअर वापरतो. म्हणजे सीपीयूसाठी भांडणच नसणार, आणि भांडण नाही तिथे नाइस काय करणार?

ऊस कारखान्याचं उदाहरण घ्या. काट्यावर तुमच्या गाडीला पुढचा नंबर मिळाला, वजन झटकन झालं. पण गव्हाणीपाशी रांग तुंबलेली असेल तर गाडी उभीच राहणार. काट्यावरचा नंबर गव्हाणीवर चालत नाही. सीपीयू, डिस्क, डेटाबेसचं लॉक, प्रत्येकाची रांग वेगळी आणि तिथला पुढचा कोण हे ठरवणाराही वेगळा. तुमची पट्टी कुठल्या रांगेत उभी आहे ते आधी शोधा.

बॅकअप चालू असताना हे तीन बघून इथे टाका (नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजी अक्षरांत टाका): व्हीएमस्टॅट १ मधले आर, बी, आयडी (सीपीयू रिकामा) आणि डब्ल्यूए (डिस्कसाठी वाट) हे रकाने. आयओस्टॅट -एक्स १ मधला डब्ल्यू_अवेट (एका लिहिण्याला लागलेला वेळ) आणि युटिल (डिस्क किती टक्के वेळ गुंतलेली). आणि प्रॉक फोल्डरातल्या प्रेशरमधल्या सीपीयू आणि आयओ या दोन फाइली.

एक सूचना. लोड ॲव्हरेज बघून निष्कर्ष काढू नका. लिनक्समध्ये त्यात डिस्कची वाट बघत डी अवस्थेत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. लोड ६ दिसला म्हणजे सीपीयूला सहाजण मागतायत असं नाही.

काटा_पट्टी (सांगली)

आता चालवून पाहिलं. व्हीएमस्टॅट: आर १, बी ३ ते ५, आयडी ४५ च्या आसपास, डब्ल्यूए ४०. आयओस्टॅट: युटिल ९९ ते १००, डब्ल्यू_अवेट ३०० ते ४०० मिलीसेकंद. प्रेशर: सीपीयूचा सम (निदान एकजण खोळंबलेला असा वेळ) ॲव्हरेज-१० एकच्या आसपास, आयओचा सम ६० च्या वर आणि फुल ३५ च्या वर.

अजिंक्यतारा

मग उघडच आहे. आर १ म्हणजे सीपीयूच्या रांगेत कोणी नाही. बी ३ ते ५ म्हणजे तेवढ्याजणी डिस्कपाशी झोपल्यात. फुल ३५ याचा अर्थ शेवटच्या १० सेकंदांतला ३५ टक्के वेळ असा गेला की काम असलेल्या सगळ्याच प्रोसेस आयओसाठी खोळंबल्या होत्या, एकही पुढे सरकत नव्हती.

७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलीसेकंद. सरासरी अर्ध्या फेऱ्याची वाट, म्हणजे ४.२, आणि हेड हलायला आणखी ८-९. विखुरलेल्या जागांवरच्या विनंत्या सेकंदाला ७५-८० पेक्षा जास्त होत नाहीत. डंप एका टोकाला वाचतोय, जीझिपची फाइल दुसऱ्या टोकाला लिहिली जातेय, मधे पट्टीचा कमिट (नोंद पक्की करणं). हेड नुसता धावत राहतो.

आयोनाइस -सी ३ लावून बघा, म्हणजे आयडल वर्ग. इतर कोणाची विनंती नसेल तेव्हाच बॅकअपला डिस्क मिळेल.

कृष्णाकाठ

अजिंक्यताराचं निदान बरोबर आहे, पण हा उपाय इथे लागू पडणार नाही. त्याची दोन कारणं आहेत, आणि त्यातल्या पहिल्या कारणापायीच तुमचं नाइससुद्धा निम्मं वाया गेलंय.

पीजी_डंप हा नुसता क्लायंट. टेबलं वाचायचं काम तो स्वतः करत नाही. तो पोस्टग्रेसला जोडणी मागतो, पोस्टमास्टर (पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस) त्याच्यासाठी एक बॅकएंड प्रोसेस फोर्क करतो (नवी सुरू करतो) आणि डिस्कवरून वाचून ओळी मजकुरात बदलून पाठवतो तो बॅकएंड. नाइस, आयोनाइस हे आईकडून मुलाकडे वारशाने जातात. बॅकएंडची आई पोस्टमास्टर, तुमचा क्रॉन नव्हे. त्यामुळे पीजी_डंपवर १९ आणि खरं काम करणाऱ्यावर ०. पीएस मध्ये एनआय रकाना घेऊन ‘पोस्टग्रेस’ नावाच्या प्रोसेस बघा, दिसेल. नेमका कोणता ते पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी मध्ये ॲप्लिकेशन_नेम ‘पीजी_डंप’ असलेल्या ओळीतला पीआयडी सांगेल.

दुसरं कारण लिहिण्याचं. जीझिप फाइल लिहितो तेव्हा ती आधी रॅममधल्या पेज कॅशमध्ये जाते. डिस्कवर ढकलायचं काम नंतर कर्नलचा केवर्कर (पाठीमागची कामं करणारा थ्रेड) करतो, आणि तो तुमच्या जीझिपचं आयोनाइस पाळत नाही. उबुंटूत अशा न लिहिलेल्या डेटाच्या मर्यादा, व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_रेशो १० आणि व्हीएम.डर्टी_रेशो २० असतात, मोकळ्या होऊ शकणाऱ्या मेमरीच्या टक्क्यांत. ८ जीबीवर शेकडो एमबी साठतात आणि मग एकदम डिस्कवर लोटल्या जातात. त्या लोंढ्यात पट्टीचा कमिट सापडतो.

आता सगळ्यात जाचक गोष्ट. पट्टी सेव्ह झाली की पोस्टग्रेस डब्ल्यूएएल फाइलवर (बदलांची आधी लिहायची नोंदवही) एफसिंक करतो आणि ती डिस्कवर पोचल्याशिवाय काउंटरला ‘झालं’ म्हणत नाही. तुमची फाइलसिस्टिम एक्स्ट४ असणार, नेहमीच्या ऑर्डर्ड मोडमध्ये. तिथे जर्नलचा (फाइलसिस्टिमची स्वतःची नोंदवही) चालू ट्रान्झॅक्शन सगळ्यांचा मिळून एकच असतो. बॅकअप फाइलला नुकतेच मिळालेले ब्लॉक त्यात नोंदले गेले असतील, तर त्यांचा डेटा डिस्कवर गेल्याशिवाय जर्नल कमिट होत नाही. एफसिंकला जर्नल कमिटची गरज पडली की पट्टीची दोन-चार केबी नोंद बॅकअपच्या पन्नास एमबीच्या मागे उभी राहते. यात कोणी कोणाला कितीही प्रायॉरिटी दिली तरी उपयोग नाही, दोघंही एकाच दोरीत बांधलेत.

म्हणून क्रम असा ठेवा.

१. बॅकअपची फाइल दुसऱ्या डिस्कवर लिहा. साधी यूएसबी डिस्क चालेल, फाइलसिस्टिम वेगळी झाली की जर्नलची ती दोरी तुटते. आणि ती डिस्क सर्व्हरच्याच टेबलावर ठेवू नका. ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीने पाहिलाय, लांब केबल घ्या नाहीतर नेटवर्कवरून वरच्या मजल्यावरच्या मशिनवर पाठवा.

२. व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स ६४ एमबी आणि व्हीएम.डर्टी_बाइट्स २५६ एमबी करा (आकडे बाइट्समध्ये द्यायचे: ६७१०८८६४ आणि २६८४३५४५६). बाइट्सचा आकडा भरला की रेशोचा आपोआप शून्य होतो, घाबरू नका.

३. वाचण्याचा वेग मधल्या पाइपमध्येच आवळा. पीजी_डंप आणि जीझिपच्या मधे पीव्ही (पाइपमधला वेग मोजणारा आणि आवळणारा प्रोग्राम) घाला, -एल ८एम देऊन, म्हणजे सेकंदाला ८ एमबी. पाइपची जागा साधारण ६४ केबी. ती भरली की पीजी_डंप लिहिताना थांबतो, थांबला की सॉकेट वाचत नाही, मग बॅकएंडही पाठवताना अडतो आणि डिस्क वाचणं आपोआप मंदावतं. जो बॅकएंड तुमच्या नाइसला सापडत नव्हता तो इथे सापडतो. डंपचा मजकूर २४०० एमबी असेल तर ३०० सेकंद, पाच मिनिटं.

वेग फार आवळू नका मात्र. डंप चालू आहे तोवर त्याचा स्नॅपशॉट (सुरुवातीच्या क्षणाचं डेटाचं चित्र) उघडा असतो, त्यामुळे मधल्या काळात बदललेल्या ओळींच्या जुन्या प्रती व्हॅक्यूम साफ करू शकत नाही. शिवाय प्रत्येक टेबलावर ॲक्सेस शेअर लॉक असतं. पट्ट्या करायला त्याची आडकाठी नाही. पण तेवढ्यात सॉफ्टवेअरवाल्याने अपडेट टाकताना ऑल्टर टेबल (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) चालवलं तर ते डंप संपायची वाट बघेल, आणि त्याच्यामागे आलेला साधा सिलेक्टसुद्धा अडकेल. तेव्हा पाच-सात मिनिटं ठीक, तासभर नको.

हरिपूर_रोड

सिस्टिमडीच्या सर्व्हिसमध्ये बॅकअप टाकून सीपीयूवेट २० आणि आयओवेट २० दिलं तर हे सगळं एका जागी होत नाही का? सीग्रुप (प्रोसेसचे गट करून त्यांना वाटे ठरवून देणं) त्यासाठीच आहेत.

कृष्णाकाठ

सीग्रुप चांगलेच आहेत, पण इथे तीन ठिकाणी पाय अडकतो.

बॅकएंड प्रोसेस पोस्टग्रेसच्या सर्व्हिसच्या सीग्रुपात आहे, बॅकअपच्या नाही. त्यामुळे वाचण्यावर तुमच्या आयओवेटचा काही ताबा नाही.

दुसरं, आयओवेट पाळणारा कोणीतरी लागतो: डिस्कची रांग लावणारा बीएफक्यू शेड्युलर किंवा कर्नलचा आयओ-कॉस्ट. उबुंटूत साटा डिस्कवर एमक्यू-डेडलाइन असतो, एनव्हीएमईवर बहुतेक वेळा ‘नन’. एमक्यू-डेडलाइन नव्या कर्नलमध्ये रिअल-टाइम, बेस्ट-एफर्ट आणि आयडल हे तीन वर्ग ओळखतो, पण बेस्ट-एफर्टमधल्या ० ते ७ पायऱ्या किंवा सीग्रुपची वजनं नाही. डिस्कच्या क्यू फोल्डरातली शेड्युलर फाइल कॅटने बघा, चौकटी कंसात चालू असलेला दिसतो. बीएफक्यू हवा असेल तर आधी मॉडप्रोब बीएफक्यू, मग त्या फाइलमध्ये त्याचं नाव. फिरत्या डिस्कवर त्याचा फायदा जाणवतो.

तिसरं, वजनाऐवजी आयओ.मॅक्सने बॅकअपचं लिहिणं त्याच डिस्कवर आवळलंत तर उलटं होऊ शकतं. आवळलेला डेटा हळू जातो, जर्नल त्याच्यासाठी थांबतं आणि बिचाऱ्या पट्टीचा एफसिंक आणखी लांबतो. वेगळी डिस्क केल्यावर मात्र बिनधास्त लावा.

सीपीयूच्या बाजूला एक बारकावा सगळ्यांसाठी. शेड_ऑटोग्रुप_एनेबल्ड १ असेल तर प्रत्येक टर्मिनल सेशन हा वेगळा गट धरला जातो आणि नाइसची तुलना त्या गटाच्या आतच होते. एका टर्मिनलमध्ये नाइस १९ ने, दुसऱ्यात ० ने काम सोडलं तरी दोघांना निम्मा-निम्मा कोअर मिळतो, आणि माणूस म्हणतो नाइस चालतच नाही. तिथे गटाचं नाइस प्रॉकमधल्या त्या पीआयडीच्या ऑटोग्रुप फाइलमध्ये लिहावं लागतं.

मिरज_जंक्शन

काट्याच्या प्रश्नाकडे कोणी आलंच नाही, ते मी घेतो.

शेड-फिफो देऊ नका. गरजच नाही. ९६०० बॉडला ८एन१ (एका बाइटला एकूण १० बिट) म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. पोर्टवरून बाइट उचलायचं काम इंटरप्टमध्ये कर्नल करतो, तुमचा प्रोग्राम नाही. पुढे टीटीवायचा (कर्नलचा सीरियल पोर्ट सांभाळणारा भाग) ४०९६ बाइटचा बफर आहे. तो भरायलाच चार सेकंदांहून जास्त लागतात, आणि त्यामागेही कर्नलची आणखी जागा असते. शेड्युलरने तुमच्या प्रोग्रामला काही मिलीसेकंद उशिरा बोलावलं म्हणून एक बाइटही हरवत नाही. कर्नल ६.६ पासून (ऑक्टोबर २०२३) सीएफएस या सीपीयू शेड्युलरच्या जागी ईईव्हीडीएफ आलाय. त्यात ज्याला वाट्यापेक्षा कमी मिळालंय तोच पात्र ठरतो, आणि पात्रांमध्ये ज्याची आभासी मुदत सगळ्यात आधी संपते त्याला कोअर मिळतो. बराच वेळ झोपून क्षणभर जागा होणाऱ्या प्रोग्रामचं तिथे नीट भागतं, त्यातून तुमचे कोअर ४५ टक्के मोकळेच आहेत.

मग आकडा जुना का? तुमच्या वर्णनातच उत्तर आहे: ‘वाचतो आणि लगेच टेबलात टाकतो’. एकाच थ्रेडमध्ये. इन्सर्टचा कमिट डिस्कसाठी पाच सेकंद अडकला की तेवढा वेळ वाचणंही बंद. तोवर काट्याचा इंडिकेटर फ्रेमवर फ्रेम (एकेका वजनाचा पूर्ण संदेश) पाठवतोच आहे, त्या बफरात साठतात. प्रोग्राम जागा होतो आणि सगळ्यात जुनी फ्रेम आधी उचलतो. पोतं खाली उतरलंय, दुसरं चढलंय आणि स्क्रीनवर पहिल्याचं वजन. शेतकऱ्याच्या मालाचं वजन आहे हे, इथे चूक चालणार नाही.

दुरुस्ती प्रोग्राममध्ये करा. वाचणारा थ्रेड वेगळा, त्याने फक्त शेवटची पूर्ण फ्रेम आणि तिची वेळ मेमरीत ठेवायची. टेबलात टाकणारा थ्रेड वेगळा. एकच थ्रेड ठेवायचा असेल तर वजन घेण्याआधी टीसीफ्लशने आत साठलेलं टाकून द्या, मग मधूनच सुरू झालेली पहिली अर्धवट फ्रेम सोडा आणि पुढची सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण आलेली घ्या. इंडिकेटर ‘स्थिर’ची खूण पाठवत असेल तर ती तपासा. फ्रेम अर्ध्या सेकंदाहून जुनी असेल तर आकडाच दाखवू नका, रिकामी चौकट दाखवा.

फिफो का नको तेही सांगतो. फिफोवाला प्रोग्राम स्वतः झोपेपर्यंत त्या कोअरवरून साध्या प्रायॉरिटीचा कोणीही त्याला हटवू शकत नाही. काट्याचे बरेच प्रोग्राम ‘आहे का बाइट, आहे का बाइट’ अशी गोल फिरणारी लूप चालवतात. त्याला फिफो ५० दिलं की तो कोअर गेला. शेड_आरटी_रनटाइम_यूएस चा नेहमीचा आकडा ९५००००, म्हणजे दर सेकंदाला ०.९५ सेकंद त्याचे, उरलेल्या ५ टक्क्यांत त्या कोअरला बांधलेले केवर्कर आणि बाकी सगळे. आणि एवढं करूनही इन्सर्ट डिस्कपाशीच थांबणार.

प्रायॉरिटी उलटी पडण्याचा धोका वेगळाच. वरच्याला हवं असलेलं लॉक खालच्याने धरलंय, आणि मधल्या प्रायॉरिटीचा कोणीतरी खालच्याला पळूच देत नाही. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हेच झालं. हवामानाच्या खालच्या टास्कने म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं लॉक) धरलेला, डेटा बसचं काम बघणारा वरचा टास्क त्याच्यासाठी खोळंबलेला, मधले टास्क खालच्याला दाबून पळतायत. वॉचडॉग (काम अडकलंय का ते बघणारा पहारेकरी) पुन्हा पुन्हा रिसेट करत होता. त्या म्युटेक्सवर प्रायॉरिटी इन्हेरिटन्स (लॉक धरणाऱ्याला थांबलेल्या वरच्याची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) पृथ्वीवरून चालू केल्यावर थांबलं. पोस्टग्रेसच्या आतल्या लॉकांना असं इन्हेरिटन्स नाही. म्हणून कृष्णाकाठने सांगितलेल्या बॅकएंडला रीनाइस करायचंच असेल तर ५ ते १० पर्यंत ठीक, १९ किंवा शेड-आयडल (त्याहूनही खालचा वर्ग) नको. लॉक हातात धरून तो रांगेच्या शेवटी गेला तर तिन्ही काउंटर त्याच्यामागे.

विंडोज_काउंटर

काउंटरची मशिन विंडोज असतील तर तिथेही कोणी टास्क मॅनेजरमध्ये ‘रिअलटाइम’ निवडू नका. विंडोजमध्ये ० ते ३१ पातळ्या, १६ ते ३१ रिअल-टाइमच्या. तिथे फिरणारी लूप माऊस-कीबोर्डलाही अडवू शकते. गरज पडली तर ‘अबव्ह नॉर्मल’, त्यापुढे नाही.

काटा_पट्टी (सांगली)

कृष्णाकाठ सर, मिरजकर, आभार. बॅकएंडचं एनआय खरंच ० दिसलं. फाइल यूएसबी डिस्कवर वळवली, डर्टी_बाइट्स बदलले, मधे पीव्ही ८एम घातला. आता बॅकअप चालू असताना डब्ल्यू_अवेट ३० मिलीसेकंदांच्या आत आहे आणि प्रेशरमधला आयओचा फुल ३ च्या खाली. पट्टी लगेच सेव्ह होते. काट्याच्या प्रोग्रामचे दोन थ्रेड करायला दिलेत. तोवर टीसीफ्लश टाकलाय.

क्रॉनमध्ये आता ओळ अशी आहे: पीजी_डंप, पाइप, पीव्ही -क्यू -एल ८एम, पाइप, जीझिप, आणि पुढे फाइल. आणखी काही बघायचं का?

कृष्णाकाठ

-क्यू असू द्या, पण त्याची गरज नव्हती. क्रॉनमध्ये टर्मिनल नसतं, तिथे पीव्ही प्रगतीची पट्टी तशीही दाखवत नाही.

एक मोठी फट राहिलीय. पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. पीजी_डंप मधेच मेला तरी जीझिप आलेलं तेवढं बंद करून ० देतो आणि क्रॉनला वाटतं बॅकअप झाला. यूएसबी डिस्क जोडलेली नसेल तर त्याहून वाईट: फाइल माउंट पॉइंटच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे परत त्याच हार्ड डिस्कवर, लिहिली जाते आणि स्क्रीन पुन्हा गोठायला लागतो.

हे सगळं एका बॅश स्क्रिप्टमध्ये घ्या. पहिली ओळ बॅशचीच हवी. क्रॉन जो एसएच वापरतो तो उबुंटूत डॅश आहे आणि त्याला पाइपफेल (पाइपमधली कोणतीही कमांड फसली तर निकाल फसला धरणं) कळत नाही. वर सेट -ओ पाइपफेल, मग माउंटपॉइंट -क्यू ने डिस्क जागेवर आहे का ते तपासा, नसेल तर तिथेच थांबा. फाइल आधी .टीएमपी नावाने लिहा, निकाल ० आला तरच खरं नाव द्या. सगळ्याच्या पुढे फ्लॉक -एन लावा, म्हणजे आधीचा डंप लांबला तर दुसरा त्याच्यावर सुटणार नाही. आणि पहिल्या आठवड्यातच एखादी फाइल दुसऱ्या मशिनवर रिस्टोअर करून त्या दिवसाच्या पट्ट्यांची संख्या आणि एकूण वजन जुळवून घ्या.